बातमीही त्याची, संघही त्याचा

टपाल तिकिटं जमवणाऱ्यांना हंगेरीचं एक तिकीट ठाऊक असतं. बुडापेस्टच्या नेपश्टादिओन या नव्या स्टेडियमसाठी 1953 मध्ये निघालेल्या तिकिटावर सरकारने त्याच वर्षी वरून अक्षरं छापली: लंडन-वेम्ब्ली, 25 नोव्हेंबर 1953, 6:3. इंग्लंडला त्यांच्याच अंगणात हरवणारा युरोप खंडातला पहिला संघ हंगेरीचा होता. पुश्काश, हिदेगकुटी, बोझिक ही नावं जुन्या फुटबॉलवेड्यांना पाठ आहेत; त्यांची थोरवी इथे पुन्हा गायला नको. मला कुतूहल होतं ते वेगळंच. सामन्याचा निकाल टपाल तिकिटावर छापावा, इतका त्या सरकारचा जीव फुटबॉलमध्ये का अडकला होता?

त्या शोधात शांदोर बार्च हे नाव भेटलं. हा माणूस 1950 पासून 1963 पर्यंत हंगेरीच्या फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष होता. आणि 1950 पासून 1980 पर्यंत एमटीआय या सरकारी वृत्तसंस्थेचा प्रमुखही तोच! म्हणजे संघ हरला की हरलेल्या घराचा कर्ता तो आणि त्या हारीची बातमी देशभर धाडणारी संस्थाही त्याचीच. आपल्याकडे क्रिकेट मंडळावर राजकारणी बसतात म्हणून आपण बोटं मोडतो. पण वृत्तसंस्था आणि खेळाची संघटना अशा एकाच मुठीत तेरा वर्षं राहिल्याचं दुसरं उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही.

या व्यवस्थेची कसोटी लागली ती 4 जुलै 1954 रोजी, बर्नमध्ये. 1950 च्या मे महिन्यापासून न हरलेला संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरला होता. समोरच्या पश्चिम जर्मनीला त्याने याच स्पर्धेत आधी 8-3 ने लोळवलं होतं. पहिल्या आठ मिनिटांतच हंगेरी 2-0 ने पुढे. मग जर्मनांनी बरोबरी केली, शेवटी तिसरा गोल चढवला. सामना संपत आला असताना पुश्काशने चेंडू जाळ्यात मारला. वेल्सच्या लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा वर केला. 3-2.

हे सगळं बुडापेस्टने रेडिओवर ऐकलं, द्यॉर्द्य सेपेशीच्या आवाजात. धावत्या समालोचनावर वाढलेल्या आपल्या पिढीला त्या आवाजाचा अधिकार वेगळा सांगायला नको. युद्धकाळात ज्यू म्हणून सक्तीच्या मजुरीवर जुंपलेला हा तरुण 1945 मध्ये रेडिओवर आला आणि लोक त्याला हंगेरीच्या या ‘सुवर्णसंघा’चा बारावा खेळाडू म्हणू लागले.

त्या रात्री लोक रस्त्यावर उतरले. संघाने मर्सिडीज मोटारी घेऊन सामना विकला, अशी कंडी पिकली. मला सगळ्यात बोलकी वाटते ती ही अफवा. हार खरी होती, बातमीही खरी होती. पण वर्षानुवर्षं सरकारी बातमीवर विश्वास ठेवायचा नाही हे शिकलेल्या लोकांनी खरी बातमीही खोटी ठरवली. बार्चच्या वृत्तसंस्थेने बार्चच्याच महासंघावर केलेला हा उलटा उपकार!

किंमत मोजली ती मैदानावरच्यांनी. पक्षप्रमुख राकोशीने परतलेल्या संघाला, कोणी शिक्षेची भीती बाळगू नये, असं सांगितलं; गोलरक्षक ग्रोशिचच्या पोटात गोळा उठला तो नेमका त्या वाक्याने. त्याची भीती खरी ठरली. काही महिन्यांतच त्याच्यावर हेरगिरीचा संशय घेऊन चौकशी लावली गेली. पुरावा मिळाला नाही, तरी त्याची पाठवणी झाली खाणकामगारांच्या तताबान्यात. 1956 मध्ये कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उठाव झाला. रेडिओच्या इमारतीसमोर गोळ्या झाडल्या गेल्या त्या विद्यार्थ्यांच्या मागण्या प्रसारित करण्यावरूनच. परदेशी गेलेले पुश्काश, कोचिश आणि त्सिबोर परतलेच नाहीत.

आणि बार्च? राकोशी गेला, कादार सत्तेवर आला, उठावातला पंतप्रधान नॉज याला फाशी झाली. बार्चच्या दोन्ही खुर्च्या जागच्या जागी. 1972 मध्ये युएफाचा अध्यक्ष वीडरकेर वारला तेव्हा, 1973 मध्ये फ्रांकी निवडून येईपर्यंत, युरोपीय फुटबॉलची सूत्रंही त्याच्याकडे आली. पोलादी पडद्यामागचा माणूस पश्चिमेच्या बैठकांत इतका सहज खपला, यात त्याचं कसब नाकारता येत नाही. पण हे कसब टिकून राहण्याचं; खेळ घडवण्याचं श्रेय प्रशिक्षक शेबेशचं.

गंमत म्हणजे पुढे सेपेशीही त्याच वाटेने गेला. 1978 मध्ये तो महासंघाचा अध्यक्ष झाला, 1982 पासून फिफाच्या कार्यकारिणीत बसला. 1986 च्या विश्वचषकात सोव्हिएत संघाने हंगेरीचा 6-0 असा धुव्वा उडवला आणि त्याच वर्षी सेपेशीचं अध्यक्षपद संपलं. 1954 च्या हारीनंतर मात्र बार्च आणखी नऊ वर्षं बसून होता. दोघंही दीर्घायुषी: बार्च 2010 मध्ये वारला, सेपेशी 2018 मध्ये. सेपेशीही त्याच राजवटीचा माणूस होता, हे विसरून चालणार नाही. तरी माझं माप त्याच्याच पारड्यात पडतं: त्याच्या कारकिर्दीत हारीचा हिशेब अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत पोचला. बार्चच्या काळात तो गोलरक्षकाच्या नावावर मांडला गेला होता.