सर्व्हरचे बारा कधी वाजतात?

बॅकअप, जुन्या लॉगची सफाई, सर्टिफिकेटचं नूतनीकरण, रात्रीचा रिपोर्ट. ही कामं सर्व्हर ठरल्या वेळी आपलं आपण करतो, आणि हल्ली ती वेळसुद्धा कुणी हाताने लावत बसत नाही. अ‍ॅन्सिबल, पपेट, शेफ, सॉल्ट ही सर्व्हरची व्यवस्था लावणारी सॉफ्टवेअर मंडळी शेकडो मशिनवर एका फटक्यात वेळापत्रक उतरवून मोकळी होतात. चूक असेल तर तीही एका फटक्यात उतरते, म्हणून थोड्या खाचाखोचा.

ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्यांत वडीलधारा क्रॉन. 1979 मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही तो होता. दर मिनिटाला उठायचं, यादी बघायची, वेळ झालेलं काम सुरू करायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. पॉल विक्सी यांनी 1987 मध्ये तो नव्याने लिहिला आणि आज बहुतेक लिनक्सवर दिसतो तो याच घराण्यातला.

त्याच्या यादीत प्रत्येक कामापुढे पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. तिथे ‘0 0 13 * 5’ लिहिलं की कुणालाही वाटेल, 13 तारखेला शुक्रवार आला तरच काम होणार. क्रॉन मात्र ते दर 13 तारखेला करतो आणि शिवाय दर शुक्रवारीही. तारीख आणि वार दोन्ही भरले की तो ‘आणि’ नाही, ‘किंवा’ धरतो. अंगारकी याच्या हवाली केली, तर दर संकष्टीला उपास आणि दर मंगळवारीही उपास! लिनक्सवर हेच काम करणारा दुसरा गडी, सिस्टिमडीचा टायमर, इथे शहाणा आहे, त्याला दोन्ही जुळावे लागतात.

अ‍ॅन्सिबलमधून क्रॉनचं काम लावताना तर याहून मोठा खड्डा आहे. रात्री 2 वाजता बॅकअप हवा म्हणून तास 2 लिहिला आणि मिनिटाचा रकाना लिहायचाच राहिला, तर अ‍ॅन्सिबल तिथे शून्य घालत नाही, * घालतो. * म्हणजे प्रत्येक मिनिट. बॅकअप 2 ला सुरू, 2 वाजून 1 मिनिटाने पुन्हा सुरू, असं करत 2:59 पर्यंत तब्बल 60 वेळा. पहिला आटोपला की नाही याची चौकशी क्रॉन करत नाही. टायमरमध्ये निदान हा गोंधळ टळतो, कारण आधीची सर्व्हिस चालू असेल तर तो दुसरी उभी करत नाही.

आणखी एक गंमत नावाची. आपण लावलेलं काम ओळखता यावं म्हणून अ‍ॅन्सिबल क्रॉनच्या यादीत त्या कामाच्या वर एक टिप्पणीची ओळ लिहितो आणि तिच्यात कामाचं नाव असतं. ओळख पटवायची ती एवढ्यावरच. कुणी हौसेने ‘बॅकअप’चं ‘रात्रीचा बॅकअप’ केलं की त्याच्या लेखी हे नवंच काम. जुनं तिथेच राहतं आणि दोन्ही चालतात. प्लेबुकमधून, म्हणजे कामं लिहिलेल्या फाइलमधून, काम पुसून टाकलं म्हणून ते सर्व्हरवरून जात नाही, ‘हे नको’ असं स्पष्ट लिहून एकदा चालवावं लागतं. हे ज्या टीमला ठाऊक नसतं, तिच्या सर्व्हरवर सोडून गेलेल्या माणसांची कामं वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू असतात.

डेबियन लिनक्सवर क्रॉनच्या रोजच्या कामांच्या फोल्डरात ‘बॅकअप.एसएच’ नावाची फाइल ठेवा. ती कधीच चालणार नाही आणि तक्रारही येणार नाही. कारण? नावातलं टिंब.

हाताने यादी बदलायची तर क्रॉनच्या आज्ञेपुढे ‘ई’ हे अक्षर लिहायचं आणि अख्खी यादी उडवायची तर ‘आर’. कीबोर्डवर ही दोन बटणं शेजारीशेजारी आहेत, आणि उडवण्याआधी क्रॉन सहसा विचारत नाही.

आता मध्यरात्र. सगळ्यांनाच रात्री 12 चा मुहूर्त आवडतो, आणि पाचशे मशिन एकाच क्षणी एकाच बॅकअप सर्व्हरवर तुटून पडल्या की त्याचे बारा वाजतात. पपेटमध्ये यावर छान तोड आहे. मशिनच्या नावावरून कामाच्या मिनिटासाठी एक आकडा काढायचा, जो वेगवेगळ्या मशिनसाठी बहुधा वेगळा पडतो पण त्या मशिनपुरता कधी बदलत नाही. सिस्टिमडीच्या टायमरला उशीर किती करायचा याची मर्यादा देता येते. सर्टिफिकेटचं नूतनीकरण करणाऱ्या सर्टबॉटचा डेबियनवरचा टायमर दिवसातून दोनदा लागतो आणि प्रत्येक वेळी 12 तासांपर्यंत मनाला येईल तेवढा थांबतो.

आपल्याकडच्यांसाठी खास त्रास वेगळाच. सर्व्हरची घड्याळं बहुधा जागतिक वेळेवर असतात, म्हणजे आपली मध्यरात्र त्यांच्या आदल्या दिवशी 18:30 ला. रोजच्या कामाला त्याने काही बिघडत नाही. पण ‘दर महिन्याच्या 1 तारखेला रात्री 12’ म्हणजे सर्व्हरच्या लेखी मागच्या महिन्याचा शेवटचा दिवस, आणि तो 28 असेल, 29 असेल, 30 किंवा 31. साध्या क्रॉनच्या रकान्यांत ‘शेवटचा दिवस’ लिहायची सोयच नाही. टायमरच्या ओळीत मात्र शेवटी ‘एशिया/कोलकाता’ लिहिलं की भागतं. पगाराचा किंवा हिशेबाचा रिपोर्ट काढणाऱ्यांनी क्रॉन सोडायला मला तरी हे एक कारण पुरेसं वाटतं.

अ‍ॅन्सिबल हे नाव, जाता जाता सांगायचं तर, आलंय विज्ञानकथेतून. उर्सुला ले ग्विन यांच्या 1966 च्या कादंबरीत कितीही लांब क्षणात निरोप पोचवणारं हे यंत्र होतं. 2012 मध्ये मायकेल डीहान यांनी ते आपल्या सॉफ्टवेअरला दिलं. त्याच अ‍ॅन्सिबलमध्ये एक चावटपणाही दडलाय. तुमच्या मशिनवर ‘काउसे’ नावाचा गमतीचा प्रोग्रॅम असला, तर प्रत्येक टप्प्याचं नाव स्क्रीनवर अक्षरांनी काढलेली एक गाय सांगते. ती नको असेल तर ‘नोकाउज’ नावाची सेटिंग 1 करायची.