चौदापैकी सात

गोल्फ खेळणाऱ्याने एका फेरीत जास्तीत जास्त चौदा काठ्या बरोबर ठेवाव्यात, असा नियम आहे. कमीत कमी किती, याबद्दल नियम गप्प आहे. एकच काठी घेऊन अठरा होल खेळलात तरी कोणी हरकत घेणार नाही. पंधरावी मात्र पिशवीत सापडली, की ‘ती मी वापरलीच नाही’ म्हणून सुटका नाही. ज्या होलवर ती बरोबर होती, त्या प्रत्येक होलला दोन फटके दंड. पण सगळ्या फेरीत मिळून चारपेक्षा जास्त नाही. दंडालासुद्धा कमाल मर्यादा घालणारा असा नियम वाचला, की छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला अगदी घरच्यासारखे वाटते.

तुम्ही विचाराल, कोपरला राहणाऱ्या माणसाचा गोल्फशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. डोंबिवली आणि दिव्याच्या मध्ये, जलद गाड्या ज्याच्याकडे न बघता निघून जातात, असे आमचे स्टेशन. खालून कल्याणची लाइन, वरून वसईची. नाव सांगितले की निम्मे लोक कोपरखैरणे समजतात. इथे हिरवळ म्हणाल तर खाडीच्या बाजूला उरली असेल तेवढी. पण नोकरीच्या काळात चार वर्षे पुण्याला येरवड्याच्या बाजूला होतो. मोठे खातेदार कचेरीत भेटत नसत. सकाळी सहाला गोल्फच्या मैदानावर हमखास भेटत. प्रथम मी नुसताच बरोबर चालत असे. मग एका निवृत्त कर्नलसाहेबांनी हातात सेव्हन आयर्न दिली आणि म्हणाले, ‘‘साहेब, कर्जाचं नंतर बोलू, आधी चेंडू मारा.’’ त्या एका काठीवर मी दोन वर्षे काढली.

निवृत्तीनंतर अमेरिकेतल्या पुतण्याने घर बदलताना आपला जुना संच माझ्यासाठी आणला. चौदाच्या चौदा काठ्या, हत्तीच्या पायाएवढ्या जाड पिशवीत. सौभाग्यवतींनी ती पिशवी भिंतीला टेकवून ठेवली, जरा वेळ निरखली आणि विचारले, ‘‘अहो, यातली कपडे वाळत घालायला कुठली घेऊ?’’

पुढे कळत गेले, की विनोदाचा भाग सोडला तर प्रश्न तोच आहे. कुठली काठी कशासाठी?

चौदा हा आकडा आला कुठून, तेही बघण्यासारखे आहे. जुन्या काळी काठ्यांचे दांडे हिकरीच्या लाकडाचे असत आणि काठ्यांना आकड्यांऐवजी नावे असत. ब्रॅसी, स्पून, क्लीक, मॅशी, निब्लिक. एखाद्या खेड्यातल्या गाईबैलांची असावीत तशी ही नावे. खेळाडू सात-आठ काठ्या बाळगी आणि एकीकडूनच तीन-चार प्रकारची कामे करून घेई. १९१६ साली चिक इव्हान्स या हौशी खेळाडूने अमेरिकन ओपन जिंकली ती सात काठ्यांनी. त्याची २८६ फटक्यांची नोंद पुढे वीस वर्षे टिकली. मग पोलादी दांडे आले. ब्रिटिश नियामक मंडळानेही १९२९ मध्ये त्यांना मान्यता दिली. पोलाद एकसारखे बनवता येते, त्यामुळे कारखानदारांनी आकडे घातलेले संच काढले आणि दोन आकड्यांच्या मधल्याही काठ्या विकायला सुरुवात केली. लॉसन लिटल नावाचा एक नामांकित खेळाडू पंचवीसहून अधिक काठ्या घेऊन उतरे. त्या सगळ्या त्याच्या खांद्यावर नसत, हे लक्षात घ्या. त्या कॅडीच्या खांद्यावर असत. अखेर अमेरिकन संघटनेने १९३८ पासून आणि ब्रिटिशांनी १९३९ पासून चौदाची मर्यादा घातली. कौशल्य विकत घेता येऊ नये, हा त्यामागचा एक हेतू होता. कॅडीचा खांदाही कोणाच्या तरी मनात असावा, असे मला आपले वाटते.

त्याच सुमारास आणखी एक गंमत झाली. जीन सॅराझेनला वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढणे जमत नसे. विमान वर चढते तेव्हा त्याच्या शेपटीचा भाग कसा हलतो ते बघून त्याला कल्पना सुचली. त्याने निब्लिकच्या तळाला शिशाचा डाग देऊन तो जाड केला. असा तळ वाळूत रुतत नाही, वाळूवरून घसरतो. १९३२ च्या ब्रिटिश ओपनला ही काठी कोणाला दिसू नये म्हणून तो पिशवीत उलटी घालून ठेवी. स्पर्धा त्यानेच जिंकली. आज सँड वेज नाही अशी पिशवी सापडणार नाही.

मर्यादा किती महाग पडते, याचा दाखला २००१ सालचा. ब्रिटिश ओपनचा शेवटचा दिवस. इयान वूसनम आघाडीवरच्यांत. पहिल्याच होलवर त्याने चेंडू थेट खड्ड्याशी नेऊन ठेवला. दुसऱ्या होलला कॅडीने पिशवी बघितली तर त्यात दोन ड्रायव्हर! सरावाच्या वेळचा एक तसाच राहिला होता. काठ्या पंधरा, दंड दोन फटके. वूसनमने तो जादा ड्रायव्हर झुडपात भिरकावला. शेवटी तो तिसऱ्या क्रमांकाच्या गर्दीत राहिला. ते दोन फटके नसते तर एकटा दुसरा आला असता. एवढ्या मोठ्या माणसाला मोजणी चुकते आणि आमच्याकडे मात्र कॅशियरचे दहा रुपये कमी पडले तर रात्री नऊपर्यंत शाखा उघडी!

आता निवडीबद्दल. प्रत्येक काठीच्या पात्याला मागे झुकलेला एक कोन असतो, त्याला लॉफ्ट म्हणतात. ड्रायव्हरचा दहा अंशांच्या आसपास, सँड वेजचा छप्पन्न. कोन जितका मोठा, तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. साधारण चार अंशांना दहा-बारा यार्डांचा फरक पडावा, हे संचामागचे गणित. मात्र ते तरुण मनगटाचे गणित आहे. साठीनंतर काठी फिरवण्याचा वेग उतरतो आणि वेगाशिवाय कमी कोनाची काठी चेंडूला वर उचलत नाही. परिणाम असा, की थ्री आयर्न, फोर आयर्न आणि फाइव्ह आयर्न या तिन्ही काठ्यांनी माझा चेंडू जवळजवळ एकाच ठिकाणी जाऊन पडतो. तीन खाती, शिल्लक एकच. ती बंद केलेली बरी. त्यांच्याऐवजी हल्ली हायब्रिड नावाची, लाकडी आणि लोखंडी काठीच्या मधली, बसक्या बुडाची काठी मिळते. ती गवतातूनही चेंडू सहज उचलते.

हा केवळ म्हाताऱ्यांचा उपाय नव्हे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, आपली अदिती अशोक चौथी आली. लांब मारणाऱ्यांत तिचे नाव कधीच नव्हते. दुसऱ्या मुली जिथून आखूड आयर्नने ग्रीनवर चेंडू टाकत, तिथून ती हायब्रिड किंवा फेअरवे वूड काढी आणि मग पटरने सगळी कसर भरून काढी. पटर ही सगळ्यांत दुर्लक्षित काठी. बहात्तर फटक्यांच्या मैदानाची आखणीच अशी असते, की दर ग्रीनवर दोन धरून छत्तीस फटके तिचे. म्हणजे निम्मा खेळ. तरी दुकानात गेलेला माणूस तासभर ड्रायव्हरपाशी घुटमळतो आणि पटर जाता जाता उचलतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, ती परदेशी पुस्तकांत मिळायची नाही. आपली जमीन वर्षातून दोनदा स्वभाव बदलते. पावसाळ्यात चेंडू पडला की जागच्या जागी रुततो, पुढे घरंगळत नाही. तेव्हा सँड वेजचा जाड तळ देवासारखा धावून येतो. तीच काठी मे महिन्यात मुरमाड, भाजलेल्या जमिनीवर वापरा. तळ आपटून उसळतो आणि पात्याची कड चेंडूच्या पोटात बसते. चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या झाडीत. म्हणून उन्हाळ्यात मी छप्पन्न अंशांची घरी ठेवतो आणि बारीक तळाची बावन्न अंशांची नेतो. घरात जूनच्या पहिल्या आठवड्यात छत्र्या बाहेर निघतात आणि लोणच्याच्या बरण्या भरतात, त्याच सुमारास माझीही ही अदलाबदल होते.

पण माझ्या निवडीचे खरे कारण यांतले कुठलेच नाही. खरे कारण लोकल आहे.

सिडकोने खारघरला डोंगराच्या पायथ्याशी मैदान केले, ते २०१२ पासून सुरू आहे. तिथे सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येते. आमच्यासारख्यांना परवडण्याजोगे तेच. कोपरहून धीम्या लोकलने ठाणे, तिथून पनवेलच्या गाडीने खारघर. रविवारी मेगाब्लॉक, म्हणून मी आडवारी पहाटे निघतो. चौदा काठ्यांचे नुसते वजन साडेपाच-सहा किलो. जाड पिशवी, चेंडू, पाणी, छत्री धरली की बारा किलोंच्या पुढे. ड्रायव्हर पंचेचाळीस इंच लांब, तो पिशवीतून मानेसकट बाहेर. असे धूड घेऊन ठाण्याच्या पुलावर सकाळी चढून दाखवावे!

आणि वजनापेक्षा गंभीर गोष्ट वेगळीच आहे. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना पायदानावर लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. त्यांतले काही घरी परतले नाहीत. पाठीवरच्या पिशव्या एकमेकींत अडकल्या असाव्यात, असे तेव्हा सांगितले गेले. आमच्या स्टेशनापासून ती जागा दोन स्टेशनांवर. लटकणारा माणूस हौसेने लटकत नाही आणि पिशवीत त्याचा डबाच असतो, हे या मार्गावर उभे आयुष्य काढलेल्या कोणालाही सांगायला नको. त्या दिवसापासून पाठीला पिशवी लावून गाडीत चढणारा तरुण दिसला, की माझी नजर आधी त्याच्या पिशवीकडे जाते. तिथे मी माझ्या करमणुकीसाठी वीतभर तरी जादा जागा का अडवावी? म्हणून कापडी, बांबूच्या पेरासारखी निमुळती पिशवी घेतली आणि सात काठ्यांवर आलो. मालडब्यात भाजीच्या पाट्यांशेजारी ती उभी राहते. एकदा कोथिंबिरीच्या जुड्यांवर बसलेल्या एका गृहस्थांनी बराच वेळ निरखून विचारले, ‘‘काका, गळ टाकायला कुठं चाललात?’’ मी म्हटले, खारघरला. ‘‘तिथं काय गावतंय?’’ याचे प्रामाणिक उत्तर मला अजून सुचलेले नाही.

सातच काठ्या घेऊन गेलो तर फेरी चालू असताना चौदापर्यंत भर घालायची मुभा नियमात आहे. मात्र त्या मैदानावर खेळत असलेल्या दुसऱ्या कोणाची काठी उसनी घेता येत नाही. उसनवारीवर इतकी स्पष्ट बंदी रिझर्व्ह बँकेलाही जमलेली नाही!

कमी काठ्यांचा एक लाभ अनपेक्षित होता. दोन काठ्यांच्या मधले अंतर आले, की विचार करावा लागतो. मूठ खाली सरकवून धरायची, की फटका अर्ध्यावर थांबवायचा? सेव्हे बॅलेस्टेरॉस स्पेनमधल्या आपल्या गावच्या समुद्रकिनाऱ्यावर एका जुन्या थ्री आयर्नवर शिकला. एकाच काठीने उंच, ठेंगणा, वळणारा, सगळे फटके. तो पाच मोठ्या स्पर्धा जिंकला. आणि एवढे लांब जायलाही नको. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ सालचा. तिथल्या भिंतीपलीकडच्या वस्तीत कॅडींची मुले लोखंडी सळई टोकाला वाकवून काठी करतात आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने बोळांतून गोल्फ खेळतात. चेंडू गटारावरून, पत्र्यावरून, वाळत घातलेल्या चादरीखालून न्यायचा. सळई एकच, लॉफ्ट मनगटात. ही मुले दिवसा दुसऱ्यांच्या चौदा काठ्या वाहतात. ‘कुठली देऊ, साहेब?’ असे विचारणारा कॅडी पुष्कळदा साहेबापेक्षा बरे खेळतो, हे प्रत्येक साहेबाला ठाऊक असते. तो सांगेल ती काठी मुकाट्याने घ्यावी.

तर माझ्या पिशवीत सध्या काय आहे? फाइव्ह वूड, एकशे पासष्ट यार्डांसाठी. फाइव्ह हायब्रिड, एकशे पंचेचाळीस. कर्नलसाहेबांच्या आठवणीची सेव्हन आयर्न, जी आता एकशे वीसच्या पुढे जात नाही. नाइन आयर्न. ऋतूप्रमाणे एक वेज. पटर. या झाल्या सहा.

सातवीवर घरात वाद आहे. मला ड्रायव्हर न्यावासा वाटतो. वीस यार्ड जास्त मिळतात आणि तो नीट लागला तर होणारा आवाज दोन दिवस कानात राहतो. पण तो पिशवीबाहेर येतो. सौभाग्यवतींचे म्हणणे, छत्री न्या. जून ते सप्टेंबर त्यांचे चालते. ऑक्टोबरपासून मी ड्रायव्हर काढतो, फडक्याने पुसतो, पिशवीत घालून बघतो आणि पहाटेच्या गाडीची गर्दी कितपत असेल याचा अंदाज घेत दाराशी उभा राहतो.