‘बरी आहे’ म्हणजे किती बरी?

‘बरा’ हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. चहा बरा होता म्हणजे बेताचाच होता. आजार बरा झाला म्हणजे पार गेला. आणि निरोप घेताना ‘बरं आहे, येतो’ म्हणतो त्यात तर कुणाचेच बरेवाईट नसते! एरवी ही सैलता खपून जाते. परंतु घरातल्या मधुमेही वडीलमाणसाच्या पायाला जखम असावी, डॉक्टरांनी ‘कशी आहे?’ म्हणून विचारावे आणि घरच्यांनी ‘बरी आहे’ एवढेच सांगावे, हे मात्र धोक्याचे.

पट्टी आज सून बदलते, उद्या मुलगा, परवा परिचारिका. प्रत्येकाचे ‘बरी’ निराळे. त्यातच मधुमेहाने पुष्कळांच्या पायांची संवेदना मंदावते. जखम चिघळली तरी दुखत नाही, आणि ‘दुखत नाही ना, मग झाले!’ असे सारे समजतात. या समजुतीपायी पाय गमावण्याची पाळी येऊ शकते.

सुश्रुताने असा सैलपणा ठेवला नव्हता. बिघडलेला तो दुष्टव्रण, स्वच्छ तो शुद्धव्रण, भरत असलेला तो रुह्यमान आणि भरून आलेला तो रूढ, अशी लक्षणांसह नावेच त्याने दिली आहेत.

आपल्याला एक साधी वही पुरे. आठवड्यातून एकदा, जखम स्वच्छ केल्यावर, लांबी व रुंदी मोजून तारखेसह लिहावी. दिशा दर वेळी तीच असावी. मोजपट्टी जखमेला टेकवू नये. खोलीचे माप परिचारिकेवरच सोपवावे. तळ लाल व दाणेदार असेल तर नवे मांस धरते आहे. पिवळा बुळबुळीत थर किंवा काळेपणा दिसला तर डॉक्टरांना कळवावे. पट्टी किती भिजली, वास येतो का, हेही लिहावे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून हाताच्या पाठीने ऊब पाहावी व दुसऱ्या पायाशी ताडून घ्यावी. शेजारी मोजपट्टी धरून, त्याच उजेडात व तेवढ्याच अंतरावरून मोबाइलवर छायाचित्र घ्यावे.

आकड्यांची गंमत पाहा. 4 सेंटिमीटर लांब व 3 रुंद जखम 3 लांब व 2 रुंद झाली, तर डोळ्यांना फरक बोटभरही वाटत नाही. पण गुणाकार 12 वरून 6 वर येतो. जखम निम्मी झाली! मधुमेही पायाची जखम 4 आठवड्यांत साधारण एवढी आटोपावी, अशी डॉक्टरांची अपेक्षा असते. तसे न झाल्यास ते उपचार नव्याने तपासतात. ऊब, सूज वा लाली पसरू लागली, दुर्गंधी सुटली, कातडी काळी पडली किंवा ताप आला, तर मात्र आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एरवी ठरल्या दिवशी वही डॉक्टरांपुढे ठेवावी. ‘बरी’ हा शब्द तीत एकदाच यावा, शेवटच्या पानावर. आणि तोही ‘झाली’ हे क्रियापद सोबत घेऊन!