पाऱ्यावरची रिकामी जागा
‘काहीच नाही’ची गोष्ट : भाग ४

गेल्या आठवड्यात आपण ब्रह्मगुप्तापाशी थांबलो होतो. त्याचं शून्य आकडेमोडीतलं. आज डोळ्यांना दिसेल असं ‘काहीच नाही’ पाहू.

साल १६४४, फ्लॉरेन्स. तिथल्या तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाचा प्रयोग असा : एका टोकाला बंद असलेली लांब काचनळी पाऱ्यानं काठोकाठ भरायची, तोंडावर बोट दाबून ती पाऱ्याच्याच वाडग्यात उपडी धरायची आणि बोट काढायचं. पारा उतरतो, पण सुमारे ७६ सेंटिमीटरवर थबकतो. मग वर उरलेल्या जागेत काय आहे? हवेला तर आत शिरायला वाटच नव्हती.

निसर्गाला पोकळीचं वावडं आहे, ही अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेतली जुनी समजूत. ती वाचवायला जेझुइट पंडित नोएल म्हणाला, काचेच्या बारीक छिद्रांतून सूक्ष्म हवा आत झिरपते. पास्कल पोकळीच्या बाजूनं बोलू लागला, तेव्हा देकार्तनं एका पत्रात टोमणा मारला की पोकळी पास्कलच्या डोक्यातच आहे. (थोरांचे टोमणेही नळावरच्या भांडणासारखेच असतात!) १६४८मध्ये पास्कलच्या मेव्हण्यानं हा प्रयोग प्यू द दोम डोंगराच्या माथ्यावर केला. तिथं पारा पायथ्यापेक्षा सुमारे आठ सेंटिमीटर खाली राहिला. पाऱ्याला तोलून धरत होतं ते हवेचं वजन. निसर्गाच्या वावड्याचा त्यात काही संबंध नव्हता.

धर्मपीठ पोकळीच्या विरोधातच असणार, असं आपण गृहीत धरतो. पण १२७७मध्ये पॅरिसचे बिशप तांपिए यांनी २१९ विधानं निषिद्ध ठरवली, त्यांत एक असं होतं : देव आकाश सरळ रेषेत सरकवू शकत नाही, कारण मागे पोकळी उरेल. ‘देवाला जमत नाही’ हे बिशपांना खपण्यासारखं नव्हतं. त्यामुळे पोकळी निदान अशक्य तरी उरली नाही.

मला या वादात एखादा नैयायिक हवा होता. न्याय-वैशेषिक दर्शनांच्या या पंडितांनी ‘अभाव’ हा स्वतंत्र पदार्थच (म्हणजे जगातल्या गोष्टींचा एक वेगळा वर्गच) मानला, पण त्याला दोन अटी घातल्या. ‘जमिनीवर घडा नाही’ म्हणताना नसलेला घडा हवा आणि तो जिथं नाही ती जमीनही हवी. नैयायिकानं तोरिचेल्लीला विचारलं असतं, “कशाचा अभाव? हवेचा ना? मग तेवढंच म्हणा.”

आणि तो बरोबर ठरला असता. त्या जागेत पाऱ्याची किंचित वाफ असते. नळीच्या पलीकडचं दिसतं, म्हणजे प्रकाशही तिथून जातो. वाफ आणि प्रकाश दोन्ही काढून टाकले तरी भागत नाही. विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्या निर्वातात अगदी जवळ ठेवल्या, तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातील, असं भौतिकशास्त्रज्ञ कासिमिरनं १९४८मध्ये गणितानं दाखवलं. पुढे ते मोजलंही गेलं. म्हणजे निर्वातही अगदी ‘काहीच नाही’ नसतो.

विश्वाच्या आधी ‘काहीच नव्हतं’ असं कुणी म्हणालं, तर नैयायिकाचा दुसरा प्रश्न तयारच आहे : कुठं नव्हतं? शून्यतेचा विचार मांडणाऱ्या बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाला हा प्रश्न कसा वाटला असता, ते पुढच्या आठवड्यात.