विश्रांती म्हणजे खाडा नव्हे: कमी दमून जास्त काम कसे होते?

दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या दवाखान्यात ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांची गर्दी असते. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून माणसे येतात. कुणाला सहा महिन्यांच्या गोळ्या सोबत न्यायच्या असतात, तर कुणाला कंबरेवर एखादे ‘भारी’ इंजेक्शन हवे असते. अशाच एका सकाळी तिशीतली एक ताई नवऱ्यासोबत आली आणि म्हणाली, “डॉक्टर, औंदा पिशवी काढूनच टाका. फडात लई आबदा होती.”

मी विचारले, नेमका त्रास काय आहे? पाळीत पोट फार दुखते, अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते. दर महिन्याला दोन दिवस कोयता हातात धरवत नाही. ते दोन दिवस खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. उचल तर आधीच घेतलेली. नवरा शांतपणे म्हणाला, “जोडीतलं एक माणूस बसलं की दोघांची मजुरी बुडती, साहेब.”

तिने आजारावर इलाज मागितला नव्हता. विश्रांती घ्यावी लागू नये, यासाठी तिला इलाज हवा होता. हा लेख त्यासाठीच लिहिला आहे. तुम्ही ऊसतोडीला जात नसाल, दुकान चालवत असाल किंवा मुलगा पुण्यात बारा-बारा तास नोकरी करत असेल, तरी यातल्या बहुतेक गोष्टी तुम्हालाही लागू पडतात.

शरीर दमते म्हणजे नेमके काय होते?

ऊस तोडताना, मोळी उचलताना स्नायू जी शक्ती वापरतात, तिच्यातला फार मोठा भाग उष्णतेच्या रूपात बाहेर पडतो. ही उष्णता घालवण्यासाठी शरीर घाम सोडते. उन्हात कष्टाचे काम करताना तासाला लिटरभर घामही जाऊ शकतो. तेवढे पाणी आणि मीठ परत मिळाले नाही तर रक्तातले पाणी कमी होते आणि हृदयाला जास्त वेगाने धडधडावे लागते. मेंदू आणि स्नायू यांचे काम मंदावते, मूत्रपिंडांना, म्हणजेच किडनीला, रक्तपुरवठा कमी पडतो.

वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले तरी कामाचा वेग घसरू लागतो. पन्नास किलो वजनाच्या बाईसाठी हे फक्त एक लिटर होते. म्हणजे सकाळी सहाला सुरू केलेल्या माणसाचा अकरा वाजताचा कोयता आणि सात वाजताचा कोयता सारखा चालत नाही. तास तेवढेच जातात, ऊस मात्र कमी तुटतो. वर हात घसरून जखम होण्याची भीती वाढते ती वेगळीच.

थोडा वेळ सावलीत बसले की हृदयाची गती खाली येते, शरीर थंड होते आणि पोटातले पाणी रक्तात पोचते. म्हणून विश्रांतीचा वेळ वाया गेला असे समजू नका. पुढचे दोन तास नीट काम होण्याची ती तयारी असते.

ऊसतोडीवरच झालेला एक प्रयोग

“डॉक्टर, हे सगळे सांगायला ठीक आहे, पण टनावर मजुरी असताना बसणार कोण?” हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या छोट्या देशातून मिळते. तिथेही हाताने ऊस तोडतात आणि तिथल्या तोडणी कामगारांमध्ये किडनी निकामी होण्याचे प्रमाण मोठे आहे.

२०१४-१५ च्या हंगामात तिथे कामगारांच्या एका छोट्या गटासाठी काही बदल करण्यात आले. पाठीवर बांधायची पाण्याची पिशवी दिली, फडाच्या कडेला हलवता येईल असा सावलीचा तंबू ठेवला, ठरावीक वेळाने सुट्टी दिली आणि कोयत्याचा आकारही सुधारला. कामगार जास्त पाणी पिऊ लागले आणि उन्हाने होणाऱ्या तक्रारी कमी झाल्या. प्रत्येकाची दिवसाची तोड आधी ५.१ टन होती, ती ७.३ टनांपर्यंत गेली.

कोयताही बदलला होता, त्यामुळे या वाढीचे सगळे श्रेय विश्रांतीला देता येणार नाही. शिवाय तिथली आणि आपली तोडणीची पद्धत एकसारखी नाही. पण ‘बसले की टन कमी होतात’ ही भीती मात्र तिथे खरी ठरली नाही.

पिशवी काढल्याने विश्रांतीची गरज संपते का?

नाही. बीड जिल्ह्यात या प्रश्नाची फार मोठी किंमत मोजली गेली आहे. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. त्याच्या काही वर्षे आधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटात महाराष्ट्राचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत होते. हा प्रकार उघड झाल्यावर जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घालण्यात आली.

या शस्त्रक्रियेबद्दल काही गोष्टी स्पष्ट समजून घ्या:

- अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे होते. तो तपासून औषधाने बरा करता येतो. त्यासाठी पिशवी काढायची गरज नसते.
- ओझे उचलून झालेली कंबरदुखी पिशवी काढल्याने थांबत नाही.
- पाळीत जास्त रक्त जाणे आणि पोट दुखणे यावर गोळ्या आहेत. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांनी थकवाही बराच कमी होतो.
- पिशवीसोबत दोन्ही अंडाशये काढली तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम लगेच सुरू होतात. अंगातून वाफा निघणे, झोप न लागणे, हाडे ठिसूळ होणे असे त्रास होतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अंडाशये ठेवली तरी पाळी जाण्याचे वय अलीकडे येऊ शकते.
- कर्करोग, मोठ्या गाठी किंवा औषधाने न थांबणारा रक्तस्राव असेल तर ही शस्त्रक्रिया आवश्यक ठरते. तेव्हा ती टाळू नये.

त्या ताईला मी एक हिशोब करून दाखवला. महिन्याला दोन दिवस धरले तर पाच महिन्यांच्या हंगामात दहा दिवस विश्रांती. शस्त्रक्रियेनंतर मात्र निदान सहा आठवडे जड वजन उचलता येत नाही, म्हणजे बेचाळीस दिवस. ते न पाळता मोळी डोक्यावर घेतली तर टाके उसवणे, हर्निया असे नवे दुखणे मागे लागते. दहा दिवस वाचवायला बेचाळीस दिवस आणि वर कर्ज, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

दुखण्याची गोळी खाऊन काम रेटणे

बरेच जण सोबत डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची पाकिटे नेतात आणि रोज सकाळी एक गोळी घेऊन फडात उतरतात. या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. घामाने पाणी आधीच कमी झालेले असताना त्या रोज घेतल्या तर किडनीवर दुहेरी मार बसतो. पोटात व्रणही होऊ शकतो. गोळीने दुखणे जाणवत नाही, पण इजा चालूच राहते. मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब, मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर नक्कीच विचारा.

झोप ही सगळ्यात स्वस्त ताकद

मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. फडावर मात्र रात्री-अपरात्री गाडी येते आणि भरायला उठावे लागते. सतरा तास सलग जागलेल्या माणसाचे हात आणि डोके थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतके मंद चालते, असे अभ्यासांत दिसले आहे. त्यात हातात कोयता किंवा ट्रॅक्टरचे स्टिअरिंग असेल तर अपघात ठरलेलाच. रात्री गाडी भरली असेल तर दुपारी अर्धा तास तरी डोळा लागू द्या.

टेबलावर काम करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

मनाचाही विचार करा

दिवसभर राबून आल्यावर लेकरांशी दोन शब्द बोलणे, शेजारच्या कोपीवर जाऊन बसणे, गावाकडे आईला फोन लावणे, याला आपण काम समजत नाही आणि म्हणून सगळ्यात आधी तेच सोडतो. मग थकवा घालवायला तंबाखू, मिश्री किंवा दारूचा आधार घेतला जातो. तंबाखूने तरतरी आल्यासारखे वाटते, पण भूक मरते. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती गाढ नसते आणि सकाळी शरीरातले पाणी आणखी कमी झालेले असते.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटणे, कशातच मन न लागणे, विनाकारण चिडचिड, जगू नये असे वाटणे ही आजाराची लक्षणे आहेत. त्यात लाजण्यासारखे काही नाही. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येते.

फडावर पाळता येतील अशा गोष्टी

- उजाडताच काम सुरू करा आणि भर दुपारचा वेळ सावलीसाठी ठेवा.
- तास-दीड तासाने पाच-दहा मिनिटे बसा. सगळी टोळी एकाच वेळी बसली तर कुणी मागे पडत नाही आणि कुणाला बोलणीही बसत नाहीत.
- तहान लागायची वाट पाहू नका. पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्या.
- घाम जास्त जात असेल तर ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी किती पाणी प्यावे हे डॉक्टरांना विचारावे.
- लघवीचा रंग बघा. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे. आडोसा नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत, त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो. आडोशाची सोय टोळीने मिळून करावी.
- पाळीच्या दिवसांत मोळी वाहण्याऐवजी पाचट काढणे, मोळी बांधणे अशी हलकी कामे वाटून घ्या.
- उचल घेताना मुकादमाशी खाड्याबद्दल आधीच बोला. महिन्यात किती दिवस आजारपणासाठी सोडणार, हे सर्वांसमोर ठरवून घ्या.

लगेच दवाखान्यात कधी जावे?

- उन्हात काम करताना बरळणे, शुद्ध हरपणे, झटका येणे. ही उष्माघाताची लक्षणे आहेत. १०८ ला फोन करा. माणसाला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.
- दिवसभरात लघवी न होणे किंवा ती लाल-तपकिरी होणे.
- छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे.
- पाळीत तासाला एक पॅड किंवा कपडा भिजणे, किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे.

शेवटी एक गोष्ट

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून आठवड्याला एक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. गिरण्यांना मिळालेली ती गोष्ट उसाच्या फडात अजून पोचलेली नाही. म्हणून ‘विश्रांती घ्या’ असे चिठ्ठीवर लिहिताना मला ठाऊक असते की मी सर्वांत महागडे औषध लिहितो आहे. पूर्ण सोय होण्यासाठी कारखाना, मुकादम आणि सरकार यांनाच हलावे लागेल. तोवर टोळीने मिळून ठरवलेली दहा मिनिटेही थोडीथोडकी नाहीत.

त्या ताईची आम्ही तपासणी केली. जंतुसंसर्ग होता, हिमोग्लोबिन आठ होते. नवराबायको दोघांनाही संसर्गाची औषधे दिली आणि तिला लोहाच्या व पाळीच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या. सोनोग्राफीत गाठ नव्हती. दसऱ्यानंतर ती पिशवी न काढताच कारखान्यावर गेली. एप्रिलमध्ये परत आल्यावर मी खाड्याचे विचारले. हंगामात चार दिवस खाडा पडला, पैसेही कापले गेले. “पण औंदा मोळी उचलताना डोळ्यापुढं अंधारी आली नाही,” असे ती म्हणाली आणि लोहाच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट पुढे केले. ते संपले होते, पुढचे हवे होते.