विमानाची गिरकी

पेडगावच्या शिवारावरून विमान गेले की कापूस वेचणाऱ्या बाया हात थांबवून वर पाहतात. आम्हीही पाहतो. मग कोणीतरी विचारतेच, "गुरुजी, हे पडत कसं नाही?"

पडत नाही, कारण पंखांना वारा धरून ठेवतो. एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढू नये, असे आम्ही मुलांना जन्मभर सांगत आलो. पण ज्यांनी काढला असेल त्यांना ठाऊक आहे. पंजा किंचित तिरपा धरला की हात आपोआप वर उचलला जातो. फारच तिरपा केला तर उचल संपते, वारा हाताला नुसता मागे ढकलतो. विमानाच्या पंखाचेही तसेच. समोरच्या वाऱ्याशी पंखाचा तिरपेपणा साधारण १५ अंशांपुढे गेला की वारा पंखावरून सुटतो व उचल एकदम कमी होते. याला वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. इंजिन बंद पडणे निराळे. इंजिन चालू असूनही स्टॉल होतो.

दोन्ही पंखांची उचल सारखीच गेली तर विमान नाक खाली टाकते. हातातली दांडी पुढे केली की वेग येतो, पंख पुन्हा वारा धरतात. पण एकाच पंखाची उचल जास्त गेली तर? आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडीचे एक चाक रुतते. बैल ओढतच राहिले तर गाडी त्या चाकाभोवती वळू लागते. तसेच विमान खचलेल्या पंखाकडे कलते आणि भोवऱ्यासारखे गरगरत खाली येऊ लागते. हीच गिरकी. वैमानिक तिला 'स्पिन' म्हणतात.

आता माणसाचा स्वभाव पाहा. जमीन अंगावर येताना दिसली की हात दांडी पोटाशी ओढतो. विमान वर जावे म्हणून! पण त्याने पंख आणखी तिरपा होतो. ज्याने घात केला तेच वाढते. सुरुवातीच्या काळात कित्येक वैमानिक असेच गेले.

२५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क नावाच्या वैमानिकाचे विमान असेच गिरकीत सापडले. दांडी ओढून काही होईना. शेवटी त्याने पायाने सुकाणू उलट बाजूला दाबले. गिरकी थांबली, तेव्हा जमीन अवघी ५० फुटांवर आली होती. पुढे १९१७ साली लिंडेमन या शास्त्रज्ञाने काय केले? तो स्वतः विमान चालवायला शिकला, मुद्दाम गिरकी घेतली, आणि गरगरताना काट्यांवरचे आकडे पाठ करून खाली आला. आम्हाला तर जत्रेतल्या पाळण्यात स्वतःचे नाव आठवत नाही!

आज शिकवतात ती रीत बहुतेक विमानांना अशी: इंजिनाचा जोर काढायचा. दांडी डावीउजवीकडे न नेता मध्ये ठेवायची. ज्या बाजूला विमान फिरते त्याच्या उलट बाजूचे सुकाणू पायाने पुरते दाबायचे. मग दांडी पुढे न्यायची. फिरणे थांबले की सुकाणू सरळ करायचे आणि हळूच नाक उचलायचे. हळूच म्हटले आहे. हिसका दिला की पुन्हा स्टॉल. मात्र प्रत्येक विमानाचे पुस्तक वेगळे असते, त्यात लिहिले असेल तेच खरे.

हे शिक्षण गुरूला बरोबर घेऊन, भरपूर उंचीवर देतात. लहान विमानात एक गिरकी व सावरणे मिळून हजारएक फूट सहज खर्च होतात. उतरताना शेवटच्या वळणावर विमान तीनचारशे फुटांवर असते. तिथे गिरकी लागली तर रीत पाठ असूनही उपयोग नाही. म्हणून अमेरिकेने १९४९ साली साध्या परवान्यासाठी गिरकीची सक्ती काढली आणि स्टॉल टाळण्यावर भर दिला. आम्हाला दोन्ही हवे वाटते. विहिरीच्या काठावर जपून चालावे हे खरे, पण पाठीला भोपळा बांधून एकदा पाण्यात उतरलेलेही बरे.

विमान बनवणाऱ्यांनाही गिरकी छळते. आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांसाठी एक जेट विमान केले. ते ७ मार्च २००३ रोजी प्रथम उडाले, पण गिरकीच्या परीक्षेत अडून बसले. शेवटी शेपटाची रचना बदलावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये त्याने डावीकडे सहा व उजवीकडे सहा गिरक्या घेऊन सावरून दाखवले.