पंचकर्माचा विमादावा आणि आपले केसपेपर

वर्षानुवर्षे हप्ते भरूनही दावा नाकारल्याचे पत्र हाती पडले, की रुग्ण संतापतो, आणि तो संताप आम्हांस रास्त वाटतो. विमा नियामक प्राधिकरणाने आयुष उपचारांना अन्य उपचारांच्या बरोबरीने संरक्षण देण्याचे निर्देश जानेवारी 2024 मध्ये दिले. ते 1 एप्रिल 2024 पासून लागू आहेत. तरीही ‘दाखल होण्याची आवश्यकता नव्हती’ हा शेरा पंचकर्माच्या वाट्यास येतोच.

किमान 5 खाटा, अहोरात्र प्रभारी वैद्य, उपचारकक्ष आणि दैनंदिन नोंदी या रुग्णालयाच्या अटी बहुतेकांस ठाऊक आहेत. अडते ते नोंदींपाशी. ‘गृध्रसी, बस्ति’ एवढ्याने भागत नाही. रुग्णास चालता येत होते काय, वेदना किती, प्रवास का वर्ज्य, हे रोज लिहावे. बस्तीचा परिहारकाल आपणांस पाठ असतो. दावे तपासणाऱ्यास तो ठाऊक असण्याचे कारण नाही! औषधविक्रेत्यांनीही बिलावर ‘आयुर्वेदिक औषधे’ असे मोघम न लिहिता कल्पाचे नाव, बॅच क्रमांक व परिमाण नोंदवावे.

इतके करूनही नकार आल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिचे उत्तर असमाधानकारक असल्यास, किंवा महिनाभरात न आल्यास, नाशिककरांसाठी पुण्याचे विमा लोकपाल कार्यालय आहे. तेथे शुल्क लागत नाही. मुदत मात्र एक वर्षाची आहे.